सुपडूआप्पांचे दोन लिफाफे

भाजीवालीने वांग्याचा भाव आधी सांगितला की सुपडूआप्पा तिच्याकडून वांगी घेत नाहीत. गोडादऱ्याच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी एखादी नवी बाई चुकते. आप्पांनी वांगं उचललं की लगेच भाव ओरडते. आप्पा वांगं परत टोपलीत ठेवतात.

"बाई, तू बाद. माल पास व्हायच्या आधीच दर फोडला."

"बाद तर बाद! मग इतका वेळ दाबून काय पाहत होता?"

"ते टेक्निकल," आप्पा म्हणतात आणि पुढच्या टोपलीकडे वळतात.

आमचं हजिऱ्याला खाडीकाठी जहाजदुरुस्तीचं लहानसं यार्ड आहे. आमचं म्हणजे शेठचं. सरकारी टगबोटींचा तळ खरवडायचा, पत्रा बदलायचा, रंग मारायचा, इंजिन उघडायचं, ही आमची कामं. ती टेंडरनेच मिळतात, आणि टेंडरचे लिफाफे दोन. पहिल्यात तुमची लायकी, दुसऱ्यात तुमचा भाव. पहिला पास झाला तरच दुसरा उघडतात. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं, लिफाफा कुणी डोळ्यांनी पाहत नाही. पण यार्डाची टेंडरं सांभाळणाऱ्या आप्पांचा सगळा जन्म या दोन लिफाफ्यांत गेला, आणि जगात तिसरी वस्तू असेल यावर त्यांचा विश्वास नाही.

मी तिथे टेंडर अपलोड करतो. बी.कॉम. आहे. वडील कापडाच्या लूमवर होते, आजोबा धुळ्याकडे दुसऱ्याच्या शेतात. घराण्यातला पहिला पदवीधर मीच, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो. आप्पा मला नावाने हाक मारत नाहीत. "ओ ग्रॅज्युएट, मन्ही गोट आयक," म्हणतात. मी भरतो, ते लढतात, अशी आमची वाटणी आहे.

माझ्या बहिणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा वडिलांनी आप्पांना मोठं माणूस म्हणून बोलावलं. मुलाच्या बापाने बसल्याबसल्या मुलाचा पगार सांगायला तोंड उघडलं. आप्पांनी हात आडवा केला. "थांबा पाव्हणं! दुसरा लिफाफा आहे तो. आधी पोरगा उभा करा, चालू द्या, बोलू द्या." मुलगा बिचारा खरंच उठून उभा राहिला. आतून बहिणीचं हसू बाहेर ऐकू आलं. लग्न जमलं, पण जावई अजून आप्पांसमोर बसताना आधी विचारतो.

आप्पांचा एकच शत्रू होता, भेस्तानचे नानुभाई. समोरच्या पार्टीचे टेंडरवाले. आम्ही जिंकलो की नानुभाईंचा आक्षेप आलाच, आणि ते जिंकले की आप्पांचा. एकदा नानुभाईंनी आमचा शिक्का तिरका पडला म्हणून दोन पानं लिहिली. शेठ लालबुंद झाले. आप्पांनी मात्र ती पानं आख्ख्या ऑफिसला वाचून दाखवली, कुस्तीतला डाव सांगावा तशी. "पाह्य, कसा पकडना! याले म्हनतस वाचन." सुनावणीला दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यातलं खायचे.

यंदा टगबोटींच्या वार्षिक देखभालीचं मोठं टेंडर निघालं. ते गेलं तर यार्डातले निम्मे वेल्डर घरी, असं शेठने सरळ सांगून टाकलं होतं. त्या वेल्डरांतला एक माझा सख्खा काका.

सरकारी समिती यार्ड पाहायला येणार होती. सकाळी येऊ की दुपारी, असं त्यांनी आम्हालाच विचारलं. आप्पांनी पंचांग काढलं, राहुकाळ टाळला, उत्तम मुहूर्त दिला. समिती आली आणि आम्ही सगळ्यांनी खाडीकडे पाहिलं. ठार ओहोटी. धक्क्याला पाण्याचा टिपूस नाही आणि आमची बोट चिखलात म्हशीसारखी बसलेली. एका साहेबांचा बूट चिखलात राहिला तो राहिलाच.

समितीने शेरा मारला, 'धक्क्याला पाणी नाही.' पहिला लिफाफा नापास. भाव कुणी उघडूनही पाहिला नाही.

दोन दिवस आप्पा टेंडरच्या अटी पुन्हापुन्हा वाचत बसले. काकाशी तर नजरही मिळवत नव्हते. मग त्यांनी आक्षेप लिहिला. पाहणीच्या वेळी पाणी दिसलं नाही, म्हणजे धक्क्याला पाणी नाही असं होत नाही, आणि कुठल्या वेळी पाहायचं हे टेंडरच्या अटींत कुठेच नाही. आम्हाला सुनावणीला बोलावलं.

"वेळ तर तुम्हीच दिली होती ना?" मोठ्या साहेबांनी हिंदीत विचारलं. "ओहोटीची का दिली?"

मी काहीतरी जुळवून सांगणार, तेवढ्यात आप्पा उभे राहिले. "साहब, राहुकाल टाल दिया, भाटा टालना रह गया."

बूट गमावलेले साहेब सगळ्यांत आधी हसले. मग सगळेच हसले. पुन्हा पाहणी ठरली, या वेळी भरतीला. धक्क्याला पाणी डुचमळत होतं, बोट ऐटीत डोलत होती. आम्ही पास झालो. दुसरा लिफाफा उघडला, आमचाच भाव सगळ्यांत कमी.

आता उरली आक्षेपाची मुदत. रोज सकाळी मी जीव मुठीत धरून कॉम्प्युटर उघडायचो. नानुभाई सोडणार नाहीत, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. पण मुदत संपली, आणि आक्षेप आला नाही. शेठने सगळ्यांना लोचो, म्हणजे इकडचा मऊ वाफाळता खमण, खाऊ घातला. काकाने मला सगळ्यांसमोर उचललं, बी.कॉम.सकट. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो मला त्या दिवशी कळला.

फक्त आप्पांनी लोचोला हात लावला नाही. "नानू सोडत नही," एवढंच पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी काढ, ग्रॅज्युएट. भेस्तान."

नानुभाई घरातल्या झोपाळ्यावर, हिंचक्यावर, बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, ठेवल्यासारखाच. सून हळूच म्हणाली, महिना झाला, अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं वाचलं, हात गेला. कंपनीने आता टेंडरं बाहेरच्या माणसाकडे दिलीत.

"आवो आप्पा," नानुभाई हसले. "जीती गया ने?"

आप्पा त्यांच्या शेजारी हिंचक्यावर बसले. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडे कागद मागितला.

"सांगा नानुभाई. आमच्यावर काय आक्षेप घेतला असता?"

"हवे छोडो ने. आता काय त्याचं?"

"सांगा तर. मी लिहितो."

नानुभाई जरा सरळ बसले. डोळे बारीक केले. "पाहणी दुसऱ्यांदा एकालाच का दिली? बाकीच्यांना का नाही? संधी सगळ्यांना सारखी पाहिजे."

मुद्दा बिनतोड होता. मी घाईघाईने मोबाईल काढून मुदत पुन्हा पाहिली. संपलेली होती, पक्की संपलेली. मी श्वास सोडला.

आप्पा लिहीत होते, आमच्याविरुद्ध, सुवाच्य अक्षरात. नानुभाई कुठे अडले की आप्पाच जास्त तिखट शब्द सुचवायचे. "'विनंती' नको नानुभाई, 'तीव्र हरकत' लिहू." पान भरलं. नानुभाईंनी डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. आप्पांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"कडक आहे," ते म्हणाले. "हे आलं असतं, तर आम्ही गेलो होतो."

नानुभाई पोट धरून हसले, एकाच हाताने. आप्पांनी त्यांचा दुसरा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि सून चहा आणेपर्यंत तसाच धरून बसले.