नानांचं लॉगबुक

आमच्या शेजारच्या नानांना बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही, पण बेचाळीस अक्षरांचा एक पत्ता तोंडपाठ आहे. "बी, सी, वन, क्यू..." असा तो सुरू होतो. रेशनच्या रांगेत उभे राहून ते तो पुटपुटतात. चाळीसगावात नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारा जप करतोय.

हा पत्ता घराचा नाही, क्रिप्टोच्या खात्याचा आहे. त्यात कधी किती आलं, कधी किती गेलं, हे इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. नाना त्या वेबसाइटला 'मास्टर लॉगबुक' म्हणतात.

लॉगबुक हा नानांचा जुना आजार. चौतीस वर्षं ते दीपनगरच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये होते. दर तासाला रीडिंग घ्यायचं, लिहायचं, खाली सही ठोकायची. निवृत्त झाले तरी हात थांबेना. घरच्या रजिस्टरात पाण्याच्या टाकीची पातळी, कुकरच्या शिट्ट्या, सगळं. 'दूधवाला अकरा मिनिटं उशिरा. कारण विचारले असता हसला,' ही नोंद मी स्वतः वाचली आहे. वाद घातला की म्हणणार, "मास्तर, नोंद दाखवा!" मी शाळेत शिकवतो, माझ्याकडे कसलीच नोंद नसते, त्यामुळे मी नेहमी हरतो.

ते खातं त्यांच्या मुलाचं, योगेशचं. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तो क्रिप्टोत पडला. नाना भडकले. "हाताला लागेल असं काहीतरी कमव, मगच हा उंबरा चढ." योगेशने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं, मागे पत्ता लिहिला आणि म्हणाला, "कमवतो की नाही, इथे बघत बसा." गेला तो गेलाच. फोन बंद, पुण्याच्या खोलीला कुलूप. पोलिसांत तक्रार झाली, त्यालाही आता तीन वर्षं झाली. 'बघत बसा' हे पोराचे शब्द मात्र बापाने साहेबाच्या हुकमासारखे पाळले.

रोज सकाळी सहाला, म्हणजे पहिल्या पाळीच्या वेळेला, नाना मोबाइल उघडतात. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, आतून विचारतात, "हललं का?" पहिल्या वर्षी दोनदा थोडी रक्कम बाहेर गेली होती. पैसे काढायची गुप्त किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त योगेशकडे, म्हणजे काढणारा तोच. त्या दोन्ही दिवशी नानांनी लाल शाईने लिहिलं : 'पोऱ्या जित्ता शे.' सरकारी मराठी सोडून त्यांनी अहिराणीत केलेल्या नोंदी या दोनच.

मग दोन वर्षं 'हालचाल नाही.' अक्का आधी बोलायच्या थांबल्या, मग जेवायच्या. गेल्या महिन्यात तर अंथरुणच धरलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही सापडत नाही.

मागच्या सोमवारी सकाळी नाना ओट्यावरून ओरडले, "हललं!" अक्का उठल्या. भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि गव्हाची खीर टाकली. मलाही आनंद झाला. कॅलेंडरच्या त्या पानावरून पत्ता घालून मी माझ्या मोबाइलवर पाहिलं. नवी ओळ होती खरी. पण रक्कम बाहेर गेली नव्हती, आत आली होती. आत तर कुणीही टाकू शकतं. त्यासाठी योगेश या जगात असायची गरज नाही.

मी नानांना अंगणात गाठलं. "नाना, हे तर आलेले पैसे आहेत."

"माले समजस, मास्तर." नानांनी चष्मा काढला. "मीच टाकात."

म्हणजे ती नवी ओळ नानांचीच होती.

"पैसा उना का गया, तिले समजत नही. नवी ओळ दिसनी म्हणजे पोऱ्या पोटभर जेवना, असं तिले वाटस." मग ते नेहमीच्या मराठीत म्हणाले, "चौतीस वर्षांत खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं हो."

त्या रजिस्टराची मी शाळेत नकला करून किती टिंगल केली होती! माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात अक्का खिरीची वाटी घेऊन बाहेर आल्या. कित्येक दिवसांनी केस विंचरलेले होते. "भाऊ, तुम्ही बी देखं ना?"

नाना तुळशीकडे बघत उभे होते.

"देखं, अक्का," मी म्हणालो आणि वाटी घेतली. "तुम्ही जेवल्या का?"

"आते जेवसू," अक्का हसल्या. "तो जेवना ना."