काकांची बराबर वाटणी

आमचे शेजारी खरातकाका जेवताना एक घास उजव्या दातांनी चावतात आणि पुढचा डाव्या. एकाच बाजूवर सगळं काम टाकणं हा त्यांना दातांवरचा अन्याय वाटतो. घनसावंगीच्या स्टँडवर चहाच्या दोन टपऱ्या आहेत. काका सकाळी एकीकडे जातात, दुपारी दुसरीकडे. दुसरीकडचा चहा तोंडात धरवत नाही, तरी जातात. अंबडला एका जीपवाल्याबरोबर गेले, तर येताना दुसऱ्याची वाट बघत उन्हात बसून राहतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बोजा वाटून घ्यायचा, ताई. बराबर वाटणी!"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण आमच्या गल्लीचं इंटरनेट या माणसाच्या ताब्यात आहे.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी शेजारच्या घरांसाठी दोन लाइनी घेतल्या. एक अंबड रस्त्यानं येणारी फायबरची, सुसाट. दुसरी बिनतारी. गावाबाहेर उसाच्या शिवारात एका घरावर डिश आहे, तिथून ती रमतगमत आमच्याकडे येते. शहाण्या माणसानं पहिली वापरली असती आणि दुसरी अडीनडीला ठेवली असती. काकांनी राउटरमध्ये डोकं घातलं आणि दोन्हींवर निम्मं निम्मं टाकलं. "ह्याला लोड बॅलन्सिंग म्हणतेत," असं वर मलाच शिकवलं. तेही कसं? नेटवरून काहीही जाताना त्याचे बारीक तुकडे होतात. काकांचा एक तुकडा फायबरनं जातो आणि त्याच्या मागचा शिवारातून.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरात बसून मुलांना गणित शिकवते. माझं निम्मं वाक्य मुलांपर्यंत पोचलेलं असतं आणि निम्मं अजून उसात असतं. "मॅम, तुम्ही पाण्यातून बोलताय का?" असं पोरं विचारतात. बँकेची साइट तर मला रोज बाहेर काढते. दोन लाइनींचे दोन पत्ते, त्यामुळे एकच बाई एकाच वेळी दोन पत्त्यांवरून आत शिरताना दिसली, की तिला ती चोर वाटते.

शेवटी कंपनीनं कळवलं, सोमवारी तुमचा तास तपासू. आवाज तुटला तर पुण्याला येऊन शिकवा, नाहीतर काम सोडा. नवरा इथल्या शाळेत, मुलगी तिसरीत. पुण्याला जाणार कशी? मी तडक काकांकडे गेले.

"काका, ती उसातली लाइन बंद करा."

"बंद? बिलकुल न्हाई."

"माझी नोकरी जाईल हो!"

काकांनी राउटरवरची धूळ फडक्यानं पुसली. "एक रोज करतो," शेवटी म्हणाले. "एकच रोज."

सोमवारचा तास लोण्यासारखा झाला. कंपनीची बाई म्हणाली, आता हे असंच राहू द्या. मंगळवारी पहिल्याच गणिताला माझा आवाज पुन्हा उसात गेला. मी तास बंद केला आणि तणतणत काकांच्या दारात पोचले. ते गाडीला किक मारत होते.

"कशाला चालू केली परत?"

"डिश बघायला निघालो. चला मंग माझ्यासंगं. तिथंच भांडा."

मी भांडायची पुरेपूर तयारी करून मागे बसले.

शिवारातल्या घरात खाटेवर भगवानराव पडून होते, काकांचे खात्यातले जोडीदार. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आहे आणि वाचाही. खाटेसमोर भिंतीवर डिशचा डबा, त्यावर एक हिरवा दिवा. लाइनीवरून काही जात असलं की तो लुकलुकतो. काका डिशकडे फिरकलेसुद्धा नाहीत. त्यांनी ओल्या फडक्यानं भगवानरावांचं तोंड पुसलं, डब्याकडे बोट केलं आणि मोठ्यानं विचारलं, "चालू हाय का, भगवान?"

भगवानरावांनी डाव्या हाताचं बोट वर केलं.

"दिवसभर त्या दिव्याकडंच बघत राह्यतेत," त्यांची बायको मला म्हणाली. "काल दिवा हलला न्हाई, तर ह्यांनी चहाला बी तोंड लावलं न्हाई. मी लई समजावलं. ऐकतेत का?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "सारी नोकरी तारेच्या ह्या टोकाला हा अन् त्या टोकाला मी. आता तुझ्या लाइनीचं काम न्हाई राह्यलं, असं कोन्या तोंडानं सांगू त्याला?"

मला रडू आलं आणि रागही आला. एवढं आधी सांगायला या माणसाचं काय जात होतं? परत येताना मीच म्हणाले, "काका, तुकडे वाटू नका. एक अख्खं काम एकाच लाइनीनं जाऊ द्या. माझा तास फायबरवर टाका आणि माझं बाकी सगळं भगवानरावांच्या घरावरून."

"तसं बी जमतं," काका म्हणाले. "पण वाटणी बराबर होत न्हाई."

"काका!" मी अशी ओरडले की गाडी हलली.

आता माझा तास फायबरनं जातो. तो संपला की मी त्या दुसऱ्या लाइनीवर टीव्हीला एखादा सिनेमा लावते आणि स्वयंपाकाला लागते. सिनेमा अडखळतो, मध्येच थांबतो, पुन्हा चालतो. समोर कोणीच नसतं. परवा नवरा तो बंद करायला उठला.

मी आतूनच म्हणाले, "राहू दे. भगवानराव बघताहेत."