तीन खोकी आणि ठमीची नजर

केकवाल्याने तिन्ही पांढरी खोकी टेबलावर ओळीने मांडली, पिठाची धूळ बसू नये म्हणून वर चादर टाकली आणि गाडी दाराशी आणायला गेला. शाळेच्या मुख्याध्यापिका तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होत्या. दर दहा वर्षांचा एक मजला, असा तीन मजली केक चार वाजता सभागृहात हवा होता. त्याची नऊ महिन्यांची मुलगी, ठमी, समोरच्या उंच खुर्चीत बसून बापाची धांदल डोळे भरून पाहत होती.

तो परत आला तेव्हा मिक्सर घरघरत होता. बायको काहीतरी म्हणाली. त्याने सवयीने "हो, हो" केलं. ती म्हणाली होती, "अहो, मधल्या थराचं क्रीम सैल पडतंय, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते." तो हात धुवायला वळला, तेवढ्यात चादरीखालून तिने कडेचं खोकं काढून नेलं. तेव्हा ठमीची आत्या तिचं भातुकलीतल्या वाटीएवढं तोंड पुसत होती, त्यामुळे ते दोघींनाही दिसलं नाही.

केकवाल्याने चादर उचलली. ठमीने टेबलाकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली. चमचा ओठांशी आला, तरी तोंड उघडेना.

"दादा, ही बघ कशी टक लावून बसलीय," आत्या म्हणाली. लहान मुलांना काय आणि कसं कळतं, याचा अभ्यास करणं ही तिची नोकरीच होती. "एवढ्याशा मुलांनाही दोन आणि तीन वेगळे कळतात. असायला हवं तेवढं दिसलं नाही, की ती जास्त वेळ बघत राहतात. खोकी मोज जरा."

"पंधरा वर्षं केक करतोय मी. आता दोन दातांच्या माणसाच्या सांगण्यावरून मोजायला बसू?"

मोठ्या खोक्यावर लहान खोकं ठेवून तो निघालासुद्धा. ठमीची नजर रिकाम्या जागेवरून हलली नाही.

सभागृहात त्याने खोकी उघडली. तळमजला होता, गच्ची होती. मधली दहा वर्षं गायब होती. त्याने घरी फोन लावला.

"फ्रिजमध्ये आहे. सांगितलं होतं की तुम्हाला," बायको म्हणाली. पुढचं मिक्सरने गिळलं. "मी येतो," तो ओरडला. "मी निघते," तीही ओरडली. दोघांनी एकदमच फोन ठेवला.

तो घरी पोचला तर दाराला कुलूप. किल्ली बायकोजवळ. खिडकीतून पाहिलं तर ठमीची खुर्चीही रिकामी. मग डोक्यात प्रकाश पडला आणि तो आल्या पावली माघारी वळला.

घामाघूम होऊन तो सभागृहात शिरला, तेव्हा बायको मधल्या थरावर शेवटचं फूल बसवत होती. ठमी मुख्याध्यापिकाबाईंच्या मांडीवर होती आणि आत्याची सगळी हकिगत सांगून झाली होती.

"तीस वर्षं गणित शिकवलं मी," बाई त्याला म्हणाल्या. "'आधी मोजून बघा' हे सांगता सांगता घसा बसला. हिला तर कुणी शिकवलंही नाही."

केकवाला खाली मान घालून उभा राहिला. पण छाती मात्र फुगली. ज्या पोरीला अजून धड रांगता येत नव्हतं, तिने बसल्या जागी त्याची चूक धरली होती. त्याने तिला उचललं आणि हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी जरा ओरडून सांग गं."

आठवड्याने एक गिऱ्हाईक चार मजली केक मागायला आलं. पैसे दणदणीत होते. केकवाल्याने आत डोकावून बहिणीला विचारलं, "चारचं जमेल हिला?"

"तीनपर्यंत पक्कं, दादा. पुढचं या वयात सांगता येत नाही."

तो बाहेर आला आणि गंभीरपणे म्हणाला, "सध्या तीनच मजल्यांपर्यंत घेतो आम्ही. आमच्या तपासनीस बाई अजून शिकतायत."