श्रीमंतांच्या मिशीस कलप लाविला त्याची हकीकत

श्री. ज्याचे मुख हत्तीचे, परंतु ज्याने ते कधी रंगवून घेतले नाही, त्या देवास नमस्कार करून लिहितो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, वैशाखमासी एका राज्यात कन्येचे लग्न निघाले. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर शेजारची राज्ये रुसतील, की आमचे का नाही. कन्या मैनाबाई, सर्व तिजला आक्कासाहेब म्हणत, श्रीमंतांची एकुलती एक आणि बहुत लाडकी. मांडव घातला, चौघडा बसविला, आणि मग बातमी आली की व्याही श्रीमंतांहून वयाने वडील असोन त्यांची मिशी काळीभोर आहे. कशाने काळी, हे पुसण्याची रीत नाही. श्रीमंतांची तो पांढरीशुभ्र. ऐकताच श्रीमंत पानावरून उठले आणि म्हणाले, "व्याहीभेटीस गळ्यात गळा घालू, तेव्हा लोक मला मुलीचा आजा समजतील. हे आम्हांस सोसणार नाही."

मग कारभारी त्रिंबकपंत, ज्यांनी उभ्या जन्मात श्रीमंतांस "नाही" म्हटले नाही आणि म्हणोनच कारभारी जाहले, त्यांनी दामाशेट व्यापारी हजर केला. शेटजींनी कुप्या मांडिल्या: श्रीमंतांच्या मिशीस कलप, नवरीच्या हातांस काळी मेंदी, आणि दोहोंत एकच कृष्णचूर्ण, समुद्रापलीकडून आलेले. वैद्यराज धुंडिराजबावांनी पुसिले, "हे चूर्ण कशाचे?" शेटजी बोलिले, "सर्व झाडपाल्याचे, महाराज! अवघी दुनिया लावते." झाड कोणते आणि पाला कोणता, हे विचारिल्यास शेटजी नुसते हसत. वैद्यराज भिडस्त, तरी एवढे बोलोन गेले की, "हे पुष्कळांस सोसते, कित्येकांस सोसत नाही, आणि कोणास सोसणार नाही हे कपाळी लिहिलेले नसते. सबब थेंबभर कानामागे लावावे आणि दोन दिवस वाट पाहावी. खाज सुटली, लाल जाहले, तर नाद सोडावा." आता यात अवघड ते काय? परंतु दरबार तो दरबार! श्रीमंतांच्या अंगास काळा ठिपका लावणे म्हणजे राजद्रोह, ऐसे पंतांचे म्हणणे पडले, आणि मानकरी खल करीत बसले, आणि खल करिता करिता एकास रिवाज आठवला. या राज्यात श्रीमंतांस स्वतः लग्नास जाणे न जाहल्यास त्यांची तलवार जाते, तिजवर अक्षता पडतात, आणि लग्न पक्के धरितात. मग जी तलवार लग्न करू शकते, तीस कलपाची परीक्षा देता येऊ नये काय? सर्वांनी माना डोलविल्या. तलवार रेशमी गादीवर निजविली, मुठीच्या मागे, म्हणजे तीस कान असता तर जेथे असता तेथे, थेंब लाविला, आणि दोन दिवस चवरी ढाळीत बसले. तलवारीस खाज सुटली नाही. ती लालही जाहली नाही. वैद्यराजांनी, पोट कोणास सुटले आहे, मुठीची नाडी पाहिली आणि "प्रकृती उत्तम" म्हणोन निर्वाळा दिला.

मग भिकू न्हाव्याने कलप लाविला आणि श्रीमंत दिवसभर आरशापुढून हलले नाहीत. दुसरे दिवशी ओठ चुरचुरू लागला, आणि मग सुजला, आणि मग गाल फुगोन डोळे मिटले, आणि मिशीखाली फोड येऊन पाणी वाहू लागले. मानकरी म्हणाले, "काय हे तेज!" पहाऱ्यावरील शिपायाने मात्र तेज न ओळखोन "कोण रे तू?" म्हणोन भाला आडवा धरिला. राणी अंबूबाईसाहेब ताकात भिजविलेल्या कापडाच्या घड्या ठेवीत बसल्या, आणि इकडे पंतांनी चौकशी बसवोन निवाडा दिला: कलप निर्धोक, परीक्षा यथासांग, श्रीमंतांची त्वचा तेवढी दरबारच्या निर्णयास अनुकूल राहिली नाही. सबब त्याच चूर्णाची मेंदी ठरल्याप्रमाणे आक्कासाहेबांच्या हातांस तिसरे प्रहरी लावावी, म्हणजे शेटजींची अब्रू राहील. शेटजींची अब्रू! मुलीचे हात गेले तरी चालतील.

हे ऐकताच बाईसाहेब पडदा सारोन थेट दरबारात आल्या. पाठोपाठ श्रीमंतही भिंत चाचपीत आले.

"पंत, ही मेंदी माझ्या लेकीला लावायची म्हणता?"

"होय, बाईसाहेब. रीतसर परीक्षा झाली आहे."

"तलवारीची ना? तलवार मेंदी काढून घेत नाही हो, माझी लेक काढून घेते. उद्या तिच्या बोटांना फोड आले तर सासरी पहिला घास कोणत्या हाताने खाईल पोर?" आणि मागे वळोन म्हणाल्या, "भिकू, तो कलप घे आणि पंतांच्या मिशीला लाव. आत्ता, माझ्यादेखत."

पंत म्हणाले, आज आपला उपास आहे. बाईसाहेब म्हणाल्या, मिशीने उपास मोडत नाही. पंत म्हणाले, श्रीमंतांच्या कलपास सेवकाने शिवणे ही अमर्यादा. बाईसाहेब म्हणाल्या, "मर्यादेचं मी बघते. लाव रे!" भिकूने कुंचला नाकापाशी आणिला, तो पंत किंचाळले, "अहो, उद्या लग्न आहे! सुजलेलं तोंड घेऊन व्याह्यांपुढे कसा उभा राहू?"

श्रीमंतांचे डोळे उघडत नव्हते, तरी त्यांनी पंतांच्या आवाजाकडे तोंड वळविले आणि सुजल्या ओठांतून म्हणाले, "आणि माझी पोर उभी राहील, होय ना?" मग त्यांस रडू आले. राजास रडू आले ऐसे लिहू नये म्हणतात; आम्ही लिहितो.

मग कुप्या पुरल्या, शेटजींस सीमेपार घालविले, आणि बाईसाहेबांनी परसातला मेंदीचा पाला स्वतः वाटोन मुलीच्या हातांस लाविला. रंग फिका आला. विहीणबाईंनी नाक मुरडले. आक्कासाहेबांनी त्याच हातांनी नवऱ्यास घास भरविला, आणि श्रीमंत तोंडास शेला गुंडाळोन व्याह्यांस भेटले. निवाडा मात्र फिरविला नाही, कारण दरबारचा निवाडा चुकत नाही. सबब कृष्णचूर्ण या राज्यात आजही निर्धोक आहे आणि कोणीही लावीत नाही.

घडले तैसे लिहिले, पदरचे थोडे. दामाशेट हल्ली शेजारच्या राज्यात आमच्या निवाड्याची नक्कल दाखवोन मेंदी विकितात. तेथे लग्नसराई चालू आहे, आणि तेथील मुलींच्या हातांची खबर घेण्यास कोणी पाठविलेले नाही.