पाटी बरोबर, माणसं चूक

कौशल्य प्रशिक्षण केंद्राच्या खोल्यांवरच्या पाट्या बदलायचं काम पेंटरमामांकडे आलं, तेव्हा त्यातून काही विपरीत निघेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मामा तीस वर्षं पाट्या रंगवत होते. दवाखाना, सायकलचं दुकान, वकील, 'कुत्र्यापासून सावध', सगळं त्यांच्या हातचं. वेलांटी कुठे पहिली आणि कुठे दुसरी, हे शाळेतले गुरुजीसुद्धा जाता जाता त्यांना विचारून जात. तसे ते सगळ्यांचेच मामा, पण सख्खी भाची एकच. ती याच केंद्रात वेल्डिंग शिकायला आली होती. एका शटरच्या कारखान्याच्या मालकाने तिला शब्द दिला होता, तीन महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन ये आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लाग.

पाट्या बदलायचं कारण असं, की केंद्राच्या संचालकबाई नुकत्याच 'सामाईक शब्दावली' या विषयावरच्या परिषदेहून परतल्या होत्या. तिथे एक गंभीर बाब उघड झाली होती. चाळीसच्या चाळीस केंद्रं वेल्डिंगला वेल्डिंगच म्हणत होती, आणि त्यामुळे सगळ्यांना एकच अर्थ अभिप्रेत आहे की नाही, हे तपासायला काही मार्गच उरला नव्हता. हा गोंधळ निस्तरण्यासाठी परिषदेने तीनशे पानांची शब्दावली काढली. मास्तर 'सुलभक' झाले, पोरं 'अध्ययनकर्ते' झाली. स्वच्छतागृहाला 'अल्पकालीन निर्गमन सुविधा' असं नाव मिळालं. पण निर्गमन म्हणजे शिक्षण संपवून नोकरीला लागणं, असं त्याच शब्दावलीत दुसऱ्या एका पानावर लिहिलेलं होतं. त्यामुळे त्या दाराशी सात जणांनी दोन दिवस नोकरीसाठी रांग लावली. आठव्याला खरोखरच घाई होती. त्याचे फार हाल झाले.

मामांनी आठ पाट्या रंगवल्या. त्यातल्या दोन अशा होत्या: शिवणकामाची 'लवचिक पृष्ठ-संधान सक्षमता, स्तर तीन', आणि वेल्डिंगची 'अलवचिक पृष्ठ-संधान सक्षमता, स्तर तीन'. म्हणजे सगळा फरक एका 'अ'चा. दोन्ही भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या होत्या. कार्यालयातून घाई सुरू झाली, मामा शिडीवर चढले, आणि तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. वेल्डिंगची पाटी वरच्या मजल्यावर शिवणाच्या खोलीला लागली, आणि शिवणाची खाली वेल्डिंगच्या शेडला.

दुसऱ्या दिवशी सगळे प्रवेशपत्रावरचे शब्द पाटीशी ताडून आपापल्या जागी बसले. संध्याकाळी मामांनी भाचीला विचारलं, कसा गेला पहिला दिवस. ती म्हणाली, "बरा गेला. पण मामा, तिथे बारा शिवणयंत्रं आहेत आणि एक बाई माझ्या दंडाचं माप घेत होत्या."

मामांनी त्याच रात्री शिडी बाहेर काढून ठेवली. सकाळी केंद्र उघडायच्या आधीच ते शिडी घेऊन दारात उभे होते. संचालकबाई आल्या तसं त्यांनी सरळ सांगून टाकलं, की पाट्यांची अदलाबदल झालीय, चूक माझीच आहे, पाच मिनिटांत फिरवून देतो.

बाईंनी शांतपणे त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग समजावलं, की पाट्यांचे फोटो काल दुपारीच वर गेले आणि वरून ते मंजूर होऊन आले. मंजूर पाटी चुकीची असू शकत नाही. तिला हात लावायचा तर शब्दावली समितीसमोर जावं लागतं, आणि समिती वर्षातून दोनदा बसते.

"मग आता करायचं काय?" मामांनी विचारलं.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "पाटी हलवायला समिती लागते. माणसं हलवायला माझी सही पुरते."

त्यांनी लगेच सही केली. वेल्डिंगमास्तर पाटीप्रमाणे वर गेले, शिवणबाई खाली आल्या. निदान यंत्रं तरी हलवा, असं मामांनी हात जोडून सुचवलं. पण यंत्रं 'पायाभूत सुविधा' या सदरात मोडत होती, आणि पायाभूत सुविधा जागची हलली तर ती पायाभूत कसली?

झालं. वेल्डिंगमास्तर शिवणयंत्रापुढे बसून वेल्डिंग शिकवू लागले. 'इथून ठिणगी उडते असं समजा', असं म्हणून ते पायाने यंत्र चालवत, आणि तेवीस पोरं डोळ्यांवर काळी काच धरून रुमालाच्या कडेकडे बघत. पहिले काही दिवस मास्तरांना लाज वाटली. पुढे त्यांना कडा फार छान घालता येऊ लागल्या.

खाली शिवणबाईंचा स्वभाव निराळा. कापड नाही तर नाही, पत्रा तर आहे ना, असं म्हणून त्यांनी पदर खोचला. त्यांच्या वर्गातल्या एकाने पत्र्याचा सदरा शिवला. म्हणजे जोडला. माप तंतोतंत, कॉलर ताठ, खिसा दोन्ही बाजूंना. फक्त बटणंही पक्की जोडल्यामुळे सदरा काढायला चौघे जण आणि एक करवत लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी तो बोटाने वाजवून पाहिला आणि शेऱ्यात लिहिलं, 'इस्त्रीची गरज नाही. अनुकरणीय.'

भाचीचा मात्र जीव वर रमेना. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती खाली जाऊ लागली. शिवणबाईंना ठिणग्यांची भीती वाटायची, त्यांना कोणीतरी हवंच होतं. दोन दिवसांनी मास्तरही तिच्यामागून जिना उतरले. रोज अर्धा तास, असे तीन महिने. चटके बसले, बाह्या जळाल्या, पण पोरीचा हात बसला. मास्तर एरवी कोणाचं कौतुक करणारे नव्हते. तिचा जोड बघून ते एकदाच म्हणाले, बरा आहे. त्या दिवशी मामांना किती दिवसांनी अन्न गोड लागलं.

मग परीक्षा आली. परीक्षक खोलीत शिरले आणि त्यांनी पडद्यावर एकेक प्रश्न दाखवायला सुरुवात केली. लोखंड त्यांनी मागितलंच नाही. भाचीला प्रश्न आला, जोड पक्का झाला हे कसं ठरवाल.

"हातोडीने ठोकून बघेन," ती म्हणाली. "तरी शंका राहिली, तर त्यावर स्वतः उभी राहीन."

हे उत्तर चार पर्यायांत नव्हतं. बरोबर उत्तर होतं, 'भागधारकांच्या समाधान-निर्देशांकावरून'. ते बाकीच्या बावीस जणांनी दिलं. पहिला आला तो तीन महिने चिंध्यांच्या ढिगावर झोपला होता, पण झोपताना त्याने शब्दावली उशाला घेतली होती आणि मधूनमधून ती वाचलीही होती. भाचीच्या कागदावर शिक्का पडला, 'अद्याप-सक्षम-नाही'.

म्हणजे मी नापास का, असं तिने विचारलं. संचालकबाई दुखावल्या. "आमच्याकडे कोणी नापास होत नाही," त्या म्हणाल्या. "तो शब्दच आम्ही काढून टाकलाय."

कारखान्याच्या मालकाने तिचं काम पाहिलं, जोड फिरवून फिरवून पाहिला, मान डोलावली आणि चिंधीवाल्याला कामावर घेतलं. माणूस वाईट नव्हता. कागदाशिवाय घेतलं आणि उद्या काही पडलं, तर लोक मलाच विचारतील, एवढंच त्याचं म्हणणं. मामांच्या बहिणीने पंधरा दिवस भावाशी अबोला धरला. मामांना ते बरोबरच वाटलं. एका 'अ'पायी पोरीचं नुकसान झालं, हे त्यांना स्वतःलाही गिळवत नव्हतं.

शेवटी त्यांनी आपल्या दुकानाचा अर्धा भाग रिकामा केला, रंगाचे डबे माळ्यावर टाकले. मास्तरांनी आपलं जुनं मशीन आणून दिलं. दारावर मामांनी स्वतः पाटी लावली, 'वेल्डिंग करून मिळेल'. लावण्याआधी बहिणीकडून तीनदा वाचून घेतली. तेवढ्यावरून का होईना, अबोला सुटला.

पहिले दोन महिने कोणी फिरकलं नाही. लोक थांबत, पाटी वाचत, पोरगी चांगल्या घरातली दिसते असं म्हणत आणि पुढे जात. मग भाची स्वतःच दारोदार फिरली, काम असेल तर सांगा म्हणाली. तरी नाही. तिसऱ्या महिन्यात एक फाटक आलं. ते चिंधीवाल्याने बसवलेलं होतं आणि कोणीतरी त्याला नुसती सायकल टेकवली होती. पाठोपाठ शाळेचा झोपाळा आला, दवाखान्याची खाट आली, खाट आणणाऱ्यांबरोबर खाटेवरचा रुग्णही आला. सगळ्यांचे टाके सुबक, एका रेषेत, रुमालाच्या कडेसारखे. धरत मात्र एकही नव्हता. आता भाचीला जेवायला फुरसत नसते. केंद्राच्या वार्षिक अहवालात तिचा फोटो आहे, खाली लिहिलंय, 'स्वयंरोजगारित निर्गमन, एक'.

सध्या तिच्याकडे जिन्यांचे कठडे फार येतात. जे आले त्यांची काळजी नाही. बावीस जणांनी बसवलेले आणि अजून न आलेले किती, याचा मात्र हिशेब लागत नाही. तुमच्या जिन्याला गेल्या वर्षी नवा कठडा बसवलात, तो त्यातलाच. त्या वेळी एक मुलगी तुमच्याही दारात आली होती, जळक्या बाह्यांची. तुम्ही तिला अगदी सौजन्याने विचारलं होतंत, "सर्टिफिकेट आहे का?"

योग्यच केलंत. जबाबदार माणसाने तेच विचारायला हवं. फक्त उतरताना भिंतीच्या बाजूने उतरा.