राठोड सरांच्या तीन कणग्या

राठोड सर मऊ पडलेली बिस्किटं खात. आवडत म्हणून नव्हे. कॉलेजच्या फाटकासमोरचं दुकान त्यांच्या लेखी एक नंबरचं होतं आणि बसस्टँडकडचं दोन नंबरचं, एवढंच कारण. दोन नंबरकडे त्याच दिवशी आलेले कुरकुरीत पुडे असले तरी सर तिकडे फिरकत नसत. एक नंबरकडचं बिस्किट ते चहात न बुडवता खात. बुडवलं असतं तर ते परत वर आलंच नसतं.

"ताजं कुठं हाये ते पाहायचं न्हाई, मॅडम," ते मला सांगत. "भरवसा कुठं हाये ते पाहायचं. एक नंबरकडं माल नसलाच, तर मग दोन नंबर."

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते आणि सर तिथं संगणक शिकवत. ही दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. माझं ग्रंथालय आणि त्यांची लॅब यांच्यामध्ये प्लायवूडचा एक पडदा होता, त्यामुळे त्यांचं निम्मं शिकवणं मी फुकटात ऐकलं. सर उंच, हडकुळे, उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेले. मूळचे साखऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. गावात खोली करून एकटेच राहत. लग्नाचं कोणी विचारलं तर "ते राहून गेलं" म्हणत. छत्री राहून गेली म्हणावं, तसं.

नंबर लावण्याचा त्यांचा नाद डॉक्टरांपर्यंत पोचला होता. एकदा त्यांची दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर लेकीकडे परगावी गेलेले. सरांचा गाल लिंबाएवढा फुगला. प्राचार्य म्हणाले, "अहो राठोड, दुसऱ्या डॉक्टरकडे जा ना!"

"काहून जाऊ? एक नंबर बंद न्हाई झालेला. बाहेरगावी गेलाय."

आणि तो माणूस परत येईपर्यंत आठवडाभर सर लवंगेवर राहिले.

हे सगळं आलं होतं लिनक्समधून. कॉलेजनं जुने संगणक घेतले तेव्हा त्यात घालायच्या नेहमीच्या प्रणालीला पैसे नव्हते. सरांनी फुकटातली लिनक्स आणून सगळ्यांवर चढवली. पण लिनक्समध्ये प्रत्येक कामाचं पॅकेज निराळं, आणि ती पॅकेजेस मिळण्याची कोठारंही निराळी. सर त्यांना, धान्य साठवायच्या असाव्यात तशा, कणग्या म्हणत. पहिली कणगी मूळ प्रणाली बनवणाऱ्यांची. दुसरी, त्यांनी ठेवलं नाही ते ठेवणाऱ्या जाणत्या मंडळींची. तिसरी कुण्या एका हौशी माणसाची. तिच्यात जगातलं सगळं होतं, पण पाखडलेलं काहीच नव्हतं. या तिन्ही कणग्या सरांनी लॅबमधल्या मोठ्या मशीनवर उतरवून ठेवल्या होत्या आणि बाकीचे संगणक रोज सकाळी सुरू झाले की तिथून नवं काही असेल ते घेत.

"मशीन भोळं असतंय," पडद्यापलीकडून आवाज यायचा. "एकच पॅकेज तीन कणग्यांत दिसलं, तर ते सगळ्यात नवं उचलतं. नवं म्हंजे चांगलं, असं त्याला वाटतं. म्हणून आपण मोठ्या मशीनवर नंबर लावून द्यायचा, बाकीचे तोच पाळतात. पयल्या कणगीत हाये तर पयल्याच कणगीतलं घे. दुसरीकडं, तिसरीकडं किती बी नवं असू दे."

एका पोरीनं विचारलं, "सर, पण नवं खरंच चांगलं असलं तर?"

"तर पयल्या कणगीवाले घेतील ना तपासून! घाई कुणाला हाये?"

घाई त्यांना कधीच नसे. म्हणूनच त्या सोमवारी जे झालं त्यानं मी चक्रावले.

मंगळवारी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येणार होते. सोमवारी सकाळी शिपायानं लॅब उघडली, संगणक सुरू केले आणि थोड्या वेळानं मला बोलवायला आला. निम्म्या संगणकांचे पडदे काळे, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं सरकत होती. उरलेल्यांवर चित्र होतं, पण मराठी टाइप करायला गेलं की नुसते चौकोन उमटत होते. माझ्या ग्रंथालयाच्या संगणकावरही तेच. पुस्तकांची नावं म्हणजे चौकोनांच्या रांगा.

प्राचार्य आले. त्यांनी काळ्या पडद्यांकडे पाहिलं, मग राठोड सरांकडे.

"हे कोणी केलं?"

मला वाटलं, आता सर विजेचं नाव घेतील, नाहीतर पोरांचं. सर म्हणाले, "मी केलं. काल तिसऱ्या कणगीला एक नंबर दिला आन् परत काढायचा राहून गेला. सकाळी सगळ्यांनी तिथलंच उचललं."

"तुम्ही? तिसऱ्या कणगीला?" प्राचार्यांनाही त्या कणग्या पाठ झाल्या होत्या. "आणि उद्या परीक्षा?"

"संध्याकाळपर्यंत बराबर करून देतो."

प्राचार्य आणखी बरंच बोलले. सर मान खाली घालून ऐकत राहिले. ते गेल्यावर सरांनी बाह्या वर केल्या. त्यांची मनगटं मी पहिल्यांदा पाहिली. मोठ्या मशीनवर नंबर पुन्हा जागच्या जागी लावून ते एकेका संगणकाशी बसले. पहिल्या कणगीची डिस्क घालायची, सगळं पुसून नव्यानं चढवायचं, मग पुढचा संगणक. मी ग्रंथालय बंद करून मदतीला गेले. माझं काम डिस्क घालणं, काढणं आणि सर सांगतील ते बटण दाबणं.

दुपारी चहा आला तेव्हा मी विचारलंच. "सर, असं काय हवं होतं त्या तिसऱ्या कणगीतलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. खिशातून मोबाइलचं नखाएवढं मेमरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"माझी थोरली बहीण हाये तांड्यावर. आक्का. आई गेली तवापासून तिनंच सांभाळलं मला. उसाच्या तोडीला जायची तर मला संगं न्यायची, पण कोयता हातात घेऊ दिला न्हाई कधी. म्हणायची, तू बस तिकडं अन् पुस्तक वाच. मागं तिच्या गळ्याचं आपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला."

मी माझाही कप खाली ठेवला.

"त्याच्याआधी भाच्याच्या मोबाइलवर ती काहीतरी बोललेली होती. मोबाइल बिघडला, हे कार्ड राहिलं. पण ते रेकॉर्डिंग वाजवायचं पॅकेज पयल्या कणगीत ठेवत न्हाईत, कायद्याची भानगड हाये. दुसरीत बी सापडलं न्हाई. तिसरीत होतं. मोठ्या मशीनवर चढवून पाहिलं, तर ते त्याच कणगीतलं बाकीचं सामान मागून राहिलं. मी म्हटलं, घे बाबा, काय पाहिजे ते घे. दिला एक नंबर."

"मग? वाजलं?"

"वाजलं," सर म्हणाले. "ते ऐकल्यावर मला बाकीचं काही ध्यानातच राहिलं न्हाई."

चहा थंड झाला होता. आम्ही पुन्हा कामाला लागलो. अंधार पडायच्या आत शेवटच्या संगणकावर मराठी अक्षर उमटलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा सुरळीत पार पडली. त्यानंतर प्राचार्य राठोड सरांशी काही दिवस कामापुरतंच बोलत.

पुढच्या रविवारी मी ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवत होते. लॅबचं दार वाजलं. पाहिलं तर सर, आणि त्यांच्यासोबत एक ठेंगणी, काटक बाई. गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला, हातात कोपरापर्यंत बांगड्या. सरांनी तिला मोठ्या मशीनपुढच्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर नीट चढवले. मी पडद्याच्या टोकाशी उभी राहिले. सरांनी मला हातानं आत बोलावलं.

बाईनं डोळे मोठे केले. मग कपाळाला आठी घातली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती, पदर तोंडाला लावून, अगदी आवाज न करता.

"काय आहे त्यात?" मी सरांना हळूच विचारलं. "काय म्हणतात त्या?"

"काही न्हाई. आमच्या भाषेत हाये. पोराला विचारती की, हे चालू झालं काय. मग म्हणती, बंद कसं करायचं. मग, आरे बंद कर, चुलीवर भाजी करपून राहिली. इतकंच हाये. पुन्हा पुन्हा तेच."

रेकॉर्डिंग संपलं. आक्कानं बोटानं गोल खूण केली. सरांनी पुन्हा लावलं. ते संपलं तेव्हा तिनं स्वतःच्या कानांवरून हेडफोन काढले, सरांना खांद्याला धरून खाली बसायला लावलं आणि त्यांच्या कानांवर चढवले. सर तिच्या पायांशी फरशीवर मांडी घालून बसले. त्यांच्या कानात ती बोलत होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तिचे ओठ त्याच बोलण्याबरोबर, जरासे मागेपुढे होत, हलत होते.

मी बाहेर येऊन दार लोटून घेतलं.