मुस्तिक्काचा तिसरा गिअर

"ओढू नकोस रे तिला. माग. हळूच माग, देईल ती."

हा आईचा आवाज. आई दुधाची लॉरी चालवायची, आणि इल्मोला मिसरूड फुटली तेव्हा त्याच लॉरीवर तिनं त्याला शिकवलं. बर्फातून, चिखलातून, बर्चच्या कोवळ्या पानांखालून. गिअर जरा खर्रकन वाजला की ती हेच म्हणायची आणि लॉरीचं काही दुखलं असावं तशी तिला थोपटायची. आईला जाऊन बावीस वर्षं झाली. तरी अजून कुणाच्या गाडीचा गिअर खरवडला की इल्मो रासिंकांगासच्या काळजात चर्र होतं.

आणि असा हा माणूस जुलैतल्या त्या शनिवारी सकाळी बायकोला सांगत होता, "आज मी गिअर मुद्दाम वाजवणार! दिवसभर! ऐकणाऱ्याचे दात आंबले पाहिजेत!"

सायमी कप पुसत होती. "हं," ती म्हणाली.

"पहिला नंबर मीच काढणार. आणि मुस्तिक्काही घरीच येणार. बघशील तू!"

"हं."

मुस्तिक्का म्हणजे रानातली निळी बोरं. गाडीचा रंग तोच, म्हणून नावही तेच. तिच्या तरुणपणी शहरातल्या कुणा दंतवैद्यानं मिरवलेली ही दोन दारांची स्पोर्ट्स गाडी इल्मोनं गोठ्यामागून गंजलेली उचलून आणली होती. तीन हिवाळे तो तिच्या पोटात शिरून बसला. गिअरबॉक्सचा एकेक दात त्यानं घासून, पुसून, तेलात न्हाऊ घालून बसवला. आता दुसऱ्यातून तिसरा असा पडायचा, जसा झोपलेल्या बाळाचा हात आपल्या हातात पडतो.

पण रेतीच्या खाणीतल्या त्यांच्या शर्यतीचा नियम होता मोठा खट्याळ. कुणी गाडीवर फार पैसा ओतू नये म्हणून शर्यत संपली की प्रत्येक गाडी विकायला काढायची, सगळ्यांना ठरलेल्या एकाच किमतीत. त्या दिवशी धावलेला कुणीही पेटीत चिठ्ठी टाकणार. चिठ्ठ्या जास्त झाल्या तर सोडत. मालकाला नाही म्हणायची सोय नाही. म्हटलंच, तर परवाना गेला, परत शर्यतीचं तोंड बघायला नको!

म्हणजे चांगली धावेल ती गाडी हातची जाणार. आणि हळू धावणं? छे, ते इल्मोच्या रक्तात नव्हतं. म्हणून ही युक्ती. प्रेक्षकांसमोर गिअर असा खरवडायचा की लोकांना वाटावं, गिअरबॉक्स आज मरतो की उद्या. आणि पलीकडे, फरच्या झाडांमागे कुणी बघत नसताना, आईनं शिकवलं तसं हळूच मागायचं, आणि सुटायचं!

पहिल्या फेरीला त्याच्या गटातल्या सहा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. इल्मोनं क्लच अर्धाच दाबून पहिला गिअर घातला.

खर्रर्रर्रर्र!

कुंपणाशी सॉसेज भाजणाऱ्या बाईच्या हातातला चिमटा पडला. इल्मोनं हेल्मेटच्या आत डोळे घट्ट मिटले आणि मनात म्हणाला, 'आई, माफ कर. नाटक आहे गं.'

भोंग्यावरून निवेदक ओरडला, "मंडळी, इल्मोच्या गाडीत कुणीतरी चमचे दळतंय!"

झेंडा पडला. प्रेक्षकांसमोरच्या वळणावर खर्रर्र, आणि इल्मो पाचवा. झाडांमागे गेला, आणि धूळ उडवत परत दिसला तेव्हा दुसरा! पुन्हा वळणावर खर्रर्र. पुन्हा झाडांमागे. आणि पहिला! मुस्तिक्का आडवी होऊन वळण घ्यायची, शेपटी झाडांकडे, तोंड लोकांकडे, जणू नाचता नाचता घागरा फिरवणारी पोर.

फेरी संपल्यावर तौनो पेल्क्की आला. तौनो म्हणजे गेली सात वर्षं पहिला येणारा माणूस. मान दगडी, मिशी ओली.

"काय रे इल्मो. गिअर गेला की काय?"

"जाईल रे आजच," इल्मो दुःखी चेहरा करून म्हणाला. "दिवस भरलेत बिचारीचे."

"वाईट झालं."

"वाईटच."

इल्मो मनातल्या मनात टुणकन उडाला. जमलं!

पण दुसऱ्या फेरीत घोटाळा सुरू झाला. झाडांमागे, जिथे नाटकाची गरजच नव्हती तिथे, त्यानं अगदी मऊ हातानं तिसरा मागितला. आणि मुस्तिक्का म्हणाली, खर्रर्र!

'अगं, आता नाही!' इल्मो पुटपुटला. 'आता कुणी बघत नाहीये!'

पुन्हा मागितला. खर्रर्र! त्याला वाटलं, आपल्यालाच नाटकाची सवय लागली. हात म्हणतोय मऊ, पण अंगात शिरलाय तो खलनायक! तरी तो जिंकला, चौथ्यात घुसून, धापा टाकत.

आणि भोंगा काय ओरडला? "मंडळी, असल्या मोडक्या गिअरबॉक्सवर हा पहिला! विचार करा, इंजिन काय असेल! बॉक्स काय, बदलता येतो!"

हेल्मेट काढायच्या आत इल्मोला कळलं, आपण आपल्याच पायावर ट्रॅक्टर घातला. कुंपणाशी माणसं माना खाली घालून चिठ्ठीसाठी कागद मागत होती. तौनो तर खिशातलं पेन फुंकून बघत होता.

"सायमी," त्यानं कॉफीचा थर्मास धरून उभ्या बायकोला विचारलं, "किती जण असतील गं?"

"अकरा," सायमी म्हणाली. तिच्या मानानं हे भाषणच होतं. मग तिनं तोंड उघडलं, काही बोलणार असं वाटलं, आणि थर्मासचं झाकण लावलं.

अंतिम फेरी इल्मो कशी धावला ते त्याला आठवत नाही. हरायचं ठरवून तो गेला होता. पण तौनो पुढे गेला, मागे वळून हसला, आणि संपलं! इल्मोच्या पायानं डोक्याला विचारलंच नाही. दुसरा, कडाड तिसरा, चौथा! शेवटच्या वळणाला त्यानं तौनोला आतल्या बाजूनं असं गाठलं, की तौनोच्या मिशीवर रेतीचा थर बसला. पहिला! निर्विवाद! आणि हातची गाडी गेली.

पेटीसमोर अकरा माणसं रांगेत उभी. कुणी कुणाकडे बघत नाही, प्रत्येकाच्या मुठीत एकेक कागद. इल्मोला फक्त गाडी पन्नास पावलं पुढे, विक्रीच्या ओळीत न्यायची होती. त्यानं दांडीवर हात ठेवला आणि शेवटचं म्हणून, अगदी हळूच, मागितलं.

कडाक्! गडगडगड... ठण्!

मुस्तिक्का हादरून थांबली. गिअरची दांडी मुळासकट इल्मोच्या हातात आली. गाडीखालून काळं तेल वाहत वाहत थेट रांगेच्या बुटांपर्यंत गेलं.

दांडी हातात धरून तो बाहेर आला. मग सगळ्यात मागचा माणूस म्हणाला, "माझं सॉसेज करपेल," आणि गेला. दुसऱ्याला लघवी लागली. तिसऱ्याला आठवलं की त्याच्याकडे गाडी ठेवायला जागाच नाही. एकेक करून, कुणाला न दुखावता, सगळी रांग विरघळली. उरला तौनो. त्यानं गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं.

"तेल."

"हो."

"तिसरा?"

"तिसरा. चौथाही असेल."

तौनो उठला, चिठ्ठीची घडी केली, तिच्यात नाक शिंकरलं आणि कागद खिशात घातला. "अभिनंदन," तो म्हणाला आणि निघून गेला.

पेटी उघडली. रिकामी! इल्मोनं आत हात घालून कोपरे चाचपले, तरी रिकामी! मुस्तिक्का त्याची, घरची! तो तेलाच्या थारोळ्याशेजारी गवतात बसला. हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा पडला.

सायमीनं कप पुढे केला. "आता काय झालं?"

"मीच मारला गं तिचा बॉक्स. तीन हिवाळे जिवापाड जपला आणि एका दिवसाच्या सोंगासाठी खरवडून मारला."

सायमी त्याच्या शेजारी बसली. थर्मासमधून तिनं आपलाही कप भरला.

"तू नाही मारलास," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मंगळवारी तू जंगलात लाकडं आणायला गेला होतास. मी काढली होती तिला. खाणीच्या रस्त्यावर. तिसरा घालताना आतून काहीतरी तुटलं." तिनं एक घोट घेतला. "सांगणार होते. रोज सांगणार होते."

एकवीस वर्षांच्या संसारात इल्मो तिचं इतकं लांबलचक बोलणं पहिल्यांदाच ऐकत होता. राग शोधला, सापडेना. छातीवरचा दगड तेवढा उतरला होता. आईसमोर मान वर करून उभं राहता आलं असतं त्याला.

"अगं, पण तिसरा तुटेपर्यंत..." तो सावकाश म्हणाला, "तू चालवत तरी किती जोरात होतीस?"

सायमीनं घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा केला. मान वळवून तिनं पहिल्या नंबरच्या चषकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तुझ्यापेक्षा जोरात," ती म्हणाली.